दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

“तुमचे भाऊ येऊन गेले,” मैना म्हणाली, आणि मी विचारलं, “कोणाचे?” कारण माझा भाऊ माझ्या ऑफिसात कधी येत नाही. मैना म्हणजे आमच्या दाराशी बसणारी मुलगी. खरं नाव वेगळं आहे, पण दिवसभर तोंड चालू असतं म्हणून सगळे मैना म्हणतात आणि तीही खुशाल ओ देते. “किती गोड आहेत हो!” ती म्हणाली. “मला म्हणाले, आमची चिंगी ओरडली तर मला सांग, लहानपणी तिच्या वेण्या मीच घालायचो. काय तो इस्त्रीचा शर्ट, काय ती गुळगुळीत दाढी! तुम्ही सांगता तसे घुमे नाहीत अजिबात. असा भाऊ मिळायला नशीब लागतं. आणि हे ठेवून गेलेत तुमच्यासाठी.” तिनं टेबलाखालून एक पुडकं काढलं. चपटं, चौकोनी, खाकी कागदात बांधलेलं, चारी कोपरे दुमडून चिकटवलेले. कागद इतका नीटनेटका बांधणारा माणूस मला जगात एकच माहीत आहे. पुडकं हातात घेतल्याबरोबर आत काय आहे ते मला कळलं. मैना अजून बोलतच होती. मी तिला म्हटलं, “पुरे गं बाई,” आणि माझ्या टेबलापाशी येऊन बसले. कागद सोडायची गरज नव्हती, तरी सोडला. आत ती रेकॉर्ड होती.

आता एका रेकॉर्डवरून एवढं काय, असं कोणीही म्हणेल. माझा नवराही म्हणतो. पण या रेकॉर्डला दादानं आजवर कोणाला हातसुद्धा लावू दिलेला नाही. मागितली तर म्हणायचा, किडनी घे, दोन आहेत. मी शाळेत होते आणि तो नुकता कॉलेजात जायला लागला होता, तेव्हा दुकानदारानं ‘काहीही उचला’ म्हणून दाराबाहेर लावलेल्या ढिगातून त्यानं ती आणली. इंग्लंडातल्या कुठल्याशा ओल्या, गिरण्यांच्या गावातल्या पोरांचा बँड, त्यांचा तिसरा अल्बम. पहिले दोन कोणी घेतले नव्हते, हा तर त्यांच्या कंपनीनंही धडपणे विकायला काढला नाही, आणि तो बाजारात यायच्या आत पोरं एकमेकांशी भांडून पांगलीसुद्धा होती. नाव सांगून उपयोग नाही, कोणी ऐकलेलं नाही. कव्हरवर एक मोकळा गाडीतळ आणि दिवसाउजेडी जळत राहिलेला एक दिवा. दादाचं ठाम मत की त्या कंपनीला गाढवाइतकी जरी अक्कल असती, तरी ही पोरं जगात सगळ्यांच्या वर गेली असती. मला विचाराल तर शेजारच्या बंद खोलीत चार माणसं दबक्या आवाजात भांडताहेत आणि भांडण कशावरून आहे ते आपल्याला कळत नाही, असं ते ऐकू यायचं. गाणारा तोंडातल्या तोंडात बोलायचा. ड्रम वाजवणारा दर वेळी केसभर उशिरा यायचा, चुकून नव्हे, मुद्दाम, आणि त्या केसभर फटीत माझा जीव टांगणीला लागायचा. पहिल्या बाजूला दुसरं गाणं होतं, त्यात गिटार एकेक पायरी चढत जाते, चढतच जाते, आणि आता वर पोचणार असं वाटतं तेवढ्यात गाणं बंद पडतं. दादा डोळे मिटून म्हणायचा, “ऐकलंस?” मी म्हणायचे, “काय ऐकायचं, पोचलीच नाही ती.” तो म्हणायचा, “तेच तर ऐकायचं.” मला कपाळ कळायचं! पण तेव्हा तो घरात कोणाशीच बोलत नव्हता, माझ्याशी एवढं तरी बोलायचा, म्हणून मी जवळ बसून राहायचे.

आणि शेवटचं गाणं त्यानं कधी ऐकलं नाही. दुसऱ्या बाजूचं शेवटचं. त्याच्या आधीचं गाणं संपत आलं की तो उठायचा, गुडघ्यावर बसायचा आणि सुई उचलून घ्यायचा. दर वेळी. एकदा मी विचारलं, “वाईट आहे का ते?” तर म्हणाला, “मला काय माहीत? मी कुठे ऐकलंय? ते शिल्लक ठेवलंय.” कशासाठी, विचारलं, तर माझ्या डोक्यावर टपली मारून म्हणाला, “झाकली मूठ सव्वा लाखाची, चिंगे. सगळं ऐकून टाकलं की मग काय करायचं माणसानं?” तेव्हा मला ती गंमत वाटली. त्याच्या पुष्कळ विक्षिप्त तऱ्हा होत्या, त्यात ही एक. घरं बदलली, शहराचा हा कोपरा सोडून तो कोपरा झाला, आई गेली, माझं लग्न झालं, त्याचं झालंच नाही, आणि हे दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं तसंच राहिलं. मी कधी त्याच्याकडे गेले आणि रेकॉर्ड लागलेली असली, तर तो सुई उचलायला उठेपर्यंत मी श्वास धरून बसायचे. उठला की सोडायचे. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, त्यालाही नाही. तो उठतोय ना, एवढंच मला बघायचं असायचं.

कारण आमचे बाबा. बाबा पुलावरून पाय घसरून पडले, असं आमच्या घरात म्हणतात. त्या पुलाला माझ्या छातीएवढा कठडा आहे, आणि बाबा माझ्याहून फार उंच नव्हते, पण पाय घसरला म्हणजे घसरला, त्यावर आईनं कोणाला ब्र काढू दिला नाही. त्याआधीचा आठवडा मला लख्ख आठवतो, कारण तो आमच्या घरातला सगळ्यात आनंदाचा आठवडा होता. बाबा कित्येक महिन्यांनी दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून बाहेर पडले होते. हसत होते. त्यांनी आपलं घड्याळ शेजारच्या शिंप्याला दिलं. बुद्धिबळाचा पट न्हाव्याला दिला, त्याला खेळता येत नव्हतं तरी. पोस्टमन भिजतो म्हणून त्याला आपला रेनकोट दिला. दादाला रेकॉर्ड प्लेयर दिला, ज्याला तोवर हात लावायची कोणाची टाप नव्हती. मला पेन दिलं. सगळी गल्ली म्हणत होती, म्हातारा काय दिलदार झालाय! आईसुद्धा म्हणाली, बरं झालं बाई, माणसात आले. आणि मी ते पेन घेऊन घरभर नाचले. मग एका दुपारी ते फिरायला म्हणून गेले. पुढे दादानं तो ढिगातला अल्बम आणला आणि बाबांच्या प्लेयरवर लावला, त्या घरात त्यानंतर वाजलेली पहिली गोष्ट ती. माणसं देत सुटली की लोकांना त्यांचं कौतुक वाटतं. मला तेव्हापासून भीती वाटते. वाढदिवसाला कोणी जरा मोठी वस्तू दिली तरी मी आधी देणाऱ्याचं तोंड बघते.

मी दादाला फोन लावला. त्यानं लगेच उचलला, हेही नेहमीचं नव्हे. “मिळालं का?” म्हणाला. आवाज हलका, प्रसन्न. मी म्हटलं, “हे काय खूळ?” “खूळ कसलं? ठेव तुझ्याकडे. इथे धूळ खातंय.” “माझ्याकडे प्लेयर कुठाय?” “मग भिंतीवर लाव. कव्हर बरं आहे.” मैना पलीकडून बघत होती, म्हणून तोंड भिंतीकडे केलं. “दादा, ते शेवटचं?” “ऐकलं की. काल.” असं म्हणाला, जसं एखाद्यानं म्हणावं, दूध आणलं की. “मग? कसं आहे?” “ये कधीतरी, सांगतो. आणि हे बघ, घाई नाही हं. तुझं काम कर. तुझा नवरा काय म्हणतो? त्याला सांग, मी विचारलं म्हणून.” त्यानं आजवर माझ्या नवऱ्याची कधी चौकशी केलेली नाही. दोघांचा छत्तीसचा आकडा. मी “बरं” म्हटलं. तो म्हणाला, “नीट राहा, चिंगे,” आणि फोन ठेवला.

अशा वेळी माणूस काय करतो? धावत सुटतो. मी दुपारच्या कामाला, एका लिफ्टच्या तपासणीला गेले. मला याचा राग येतो, पण आमच्या घरात ही रीतच आहे. धावणं म्हणजे कबूल करणं. आपण धावत गेलो आणि त्यानं दारात विचारलं, का गं, काय झालं, तर काय सांगणार? जो शब्द आईनं मरेपर्यंत घरात येऊ दिला नाही, तो आपल्याला उच्चारावा लागणार. शिवाय मनात दुसरंही चालू होतंच, की तू म्हणजे अशीच, रजईत साप बघणारी. मी लिफ्ट तपासते. इमारतीतली लिफ्ट माणसं न्यायला लायक आहे की नाही ते सांगायचं माझं काम, म्हणजे वाईट चिंतायचाच मला पगार मिळतो. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात ना, ती म्हण माझ्या नवऱ्यानं मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी ऐकवली होती. रेकॉर्ड पिशवीत घातली आणि गेले. पिशवी खांद्याला लागत होती, आणि रेकॉर्ड कोणाचा धक्का लागून मोडू नये म्हणून मी रस्त्यानं पोटाशी धरून चालले. मोडली असती तर बरं झालं असतं, असंही एकदा वाटलं.

इमारत उंच होती, खाली दुकानं, वर बिऱ्हाडं. तिथला मेकॅनिक माझ्या ओळखीचा, आम्ही त्याला ग्रीसकाका म्हणतो, कारण त्याच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांवर ग्रीस हाच उपाय. आम्ही गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेलो. वर तापलेलं छत, मोटरीचा वास, एका कोपऱ्यात कोणी सोडलेला चहाचा कप. दोर तपासायची आमची एक साधी पद्धत आहे. लिफ्ट अगदी सावकाश चालवायची आणि चालत्या दोरावर कापडाचा बोळा हलकेच धरायचा. लोखंडी दोर अचानक तुटत नाही. तो शेकडो बारीक तारांचा पिळलेला असतो, त्यातली एक तुटते, लिफ्टला काही होत नाही. मग महिन्याभरानं दुसरी. माणसं वरखाली जात असतात, आरशात भांग पाडत असतात. बाहेरून दोर झकास दिसतो, तेल लावलेला असला तर जास्तच झकास. पण कापड धरलं की तुटकी तार धागा पकडते, हाताला बारीक हिसका बसतो. मी बोळा धरून उभी होते आणि ग्रीसकाका आकडे मोजत होता. माझ्या हाताला हिसका बसला. मी काही बोलले नाही, कारण माझं लक्ष त्या दोराकडे नव्हतंच, दादाकडे होतं. दादा कवळ्या बनवतो, दातांच्या डॉक्टरांसाठी, घरीच बसून. ऐरागैरा कारागीर नव्हे, शहरातले डॉक्टर त्याच्याकडे रांग लावायचे. उन्हाळ्यात त्यानं नवीन काम घेणं बंद केलं. मी विचारलं तर म्हणाला, डोळे दुखतात. मला पटलं. मग त्याच्या खिडकीतली झाडं खालच्या म्हातारीकडे गेली. म्हणाला, तिच्याकडे ऊन चांगलं येतं. पटलं. मग मांजर. मांजर कुठाय म्हटलं, तर म्हणाला, ते म्हातारीच्याच घरी जास्त रमतं, झाडांच्या मागे गेलं. आम्ही दोघं त्यावर हसलो. मी चांगलं खळखळून हसले. त्या दिवशी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं होतं, दादा आता बराच मोकळा झालाय.

“मॅडम,” ग्रीसकाका म्हणाला, “कापड फाटलं.” खरंच फाटलं होतं, आणि माझ्या अंगठ्यातून रक्त येत होतं. “एकाच जागी किती आहेत बघा. आणि तुम्ही गप्प! लक्ष कुठाय आज?” मी म्हटलं, “लिफ्ट बंद करा.” “आता? लोक संध्याकाळचे कामावरून येतील, बोंब मारतील.” “मारू द्या.” “थोडं ग्रीस लावून आठवडाभर...” “काका,” मी ओरडले, “ग्रीस लावून कोणी वाचत नाही! बंद करा म्हटलं ना!” तो दचकला. इतक्या वर्षांत मी त्याच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. त्यानं मुकाट्यानं बटण दाबलं, आणि मोटर थांबल्यावर त्या खोलीत इतकी शांतता पसरली की मला ती सोसेना. खाली कुठल्यातरी मजल्यावर कोणी बाहेरून लिफ्टचं दार बडवत होतं. मी बोटाला रुमाल गुंडाळला आणि म्हटलं, “माझा भाऊ बरा नाहीये. मला जायला हवं.” हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले, आणि तेही ग्रीसकाकाजवळ. तो म्हणाला, “मग अजून इथं काय करताय?” आणि खरंच, मी तिथं काय करत होते?

लिफ्ट मीच बंद केली होती, म्हणून सगळे जिने उतरून खाली आले. बस मिळाली, पण ती प्रत्येक सिग्नलला थांबली. शेजारी एक बाई फोनवर कोणाला तरी पडद्याचं कापड कसं घ्यायचं ते समजावत होती, सुरकुत्या पडणारं घेऊ नको, धुतल्यावर आटणारं घेऊ नको, आणि मला त्या बाईचा इतका राग आला की मान पिरगाळावीशी वाटली. ज्यांच्या घरी कोणी काही वाटत सुटलेलं नाही, त्या सगळ्यांचाच राग येत होता. दादाला पुन्हा फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. नवऱ्याला लावला तर तो म्हणाला, “अगं, रेकॉर्डच दिली ना? चांगलं आहे की, जरा सुटला त्यातून. तू ना, उगाच...” मी फोन ठेवला. उगाच. हाच शब्द आईचा. उगाच विचार करू नकोस, उगाच काही बोलू नकोस, उगाच कठड्यावरून वाकून बघू नकोस. बाहेर ऊन उतरत होतं, भिंती पिवळ्या पडल्या होत्या, आणि ती गिटार माझ्या डोक्यात चढायला लागली, एकेक पायरी, न पोचणारी. मला ते गाणं कधी आवडलं नव्हतं, पण पाठ होतं. आमच्या घरात जे बोलायचं नव्हतं ते सगळं त्या परक्या, ओल्या गावातल्या पोरांनी आमच्या वतीनं वाजवून ठेवलं होतं, आणि दादा ते रोज लावून बसायचा, म्हणून आम्हाला बोलायची वेळ आली नाही. आणि आता त्यातलं शेवटचंसुद्धा संपवून तो मोकळा झाला होता. मला अचानक वाटलं की ते गाणं न ऐकलेलं होतं म्हणूनच तो इतकी वर्षं जगला, आणि मग वाटलं, छे, हे सगळं थोतांड, गाण्यानं कोणी जगत नाही आणि गाणं ऐकून कोणी मरत नाही, तू आधी पोच. बस थांबली. मी दोन थांबे आधीच उतरले आणि धावत सुटले. भर रस्त्यात, पिशवी पोटाशी धरून, या वयात. एक रिकामटेकडा ओरडला, “काकू, चोर कुठल्या बाजूला पळाला?” मी धावले.

दार लोटलेलं होतं. ते बघून माझी पाचावर धारण बसली. आत गेले तर दादा टेबल पुसत होता. उभा, जिवंत, इस्त्रीच्या शर्टात. मला बघून म्हणाला, “अरे वा! एवढ्यात? आणि हे काय, बोटाला काय झालं?” मला दम लागला होता. “फोन का नाही उचलला?” “फोन? आत राहिला असेल.” मी खोलीकडे बघितलं. त्या खोलीत नेहमी पांढरी भुकटी असते, प्लास्टरची, खिडकीच्या कडेवर, पुस्तकांवर, दादाच्या भुवयांवर सुद्धा. आज कुठे कणभर नव्हती. कामाचं टेबल रिकामं. त्याच्या कोरायच्या बारीक सुऱ्या फडक्यात गुंडाळून, दोरी बांधून ठेवलेल्या, वर कोणाच्यातरी नावाची चिठ्ठी. प्लेयरवर झाकण. कपाटाची दारं उघडी आणि कपडे घड्या करून एकावर एक. ओल्या फरशीचा वास येत होता. इतकं स्वच्छ घर मी फक्त माणूस गेल्यानंतरच बघितलं होतं. “बस ना,” दादा म्हणाला, “अशी उभी काय राहिलीस वसुलीला आल्यासारखी?” मी बसले. तो समोर बसला. दोघंही गुडघ्यांवर हात ठेवून बसलो, बघायला आलेल्या पाहुण्यांसारखे.

“कसं होतं?” मी विचारलं. त्याला लगेच कळलं मी कशाबद्दल विचारते ते. त्यानं खिडकीकडे बघितलं. “बरं नव्हतं गं,” म्हणाला. “म्हणजे?” “म्हणजे बरं नव्हतं. भरतीचं. जागा उरली म्हणून काहीतरी वाजवून टाकल्यासारखं. गाणारा कंटाळलेला आहे, ते ऐकू येतं. ड्रमवाला तर चक्क वेळेवर येतो.” तो हसला. “मी दोनदा ऐकलं. म्हटलं आपलं काही चुकत असेल. नाही. काही नाहीच आहे त्यात.” मी म्हटलं, “असू दे की. एक गाणं. बाकीची आहेत ना?” “आहेत.” “मग?” “मग काही नाही. आहेत.” त्याच्या आवाजात दुःख नव्हतं, तेच भयंकर होतं. बाबा रेनकोट देताना याच आवाजात पोस्टमनला म्हणाले होते, घे रे, मला कुठे लागतो. दादा उठला, खुर्ची टेबलाला सरळ लावली, परत बसला. “तुझ्या बोटाला पट्टी लावू का?” म्हणाला. “तुझा नवरा वाट बघत असेल. उशीर नको करूस.” मला हाकलत होता तो. प्रेमानं, हळूच, दाराकडे.

आईचं तोंड डोळ्यांसमोर आलं, उगाच म्हणणारं. मला वाटलं, विचारलं आणि नसलं तर? त्याच्या डोक्यात नसेल आणि मीच घातलं तर? मग तो हसेल, म्हणेल, चिंगे, तुझं डोकं फिरलंय, आणि मी उठून घरी जाईन, आणि उद्या सगळे म्हणतील, पाय घसरला. लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना मला कधी भीती वाटली नाही एवढी त्या खुर्चीत बसून वाटत होती.

“दादा,” मी म्हटलं, “तू मरणार आहेस का? बाबांसारखा?”

तो हसला नाही. खाली रस्त्यावर कोणी शटर ओढलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा तो सगळा प्रसन्नपणा गळून गेला, आणि खालून माझा ओळखीचा, थकलेला, घुमा दादा निघाला.

“हो,” तो म्हणाला.

मी उठले आणि त्याच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. मग दुसरा. “गाढवा,” मी ओरडत होते, “गाढवा, मेल्या, मला रेकॉर्ड आणून देतोस? मला?” तो खांदे आक्रसून मार खात राहिला, एकदा फक्त म्हणाला, “अगं, बोट दुखेल तुझं.” मग मी मारायची थांबले, आणि त्याच्या शर्टाची पाठ मुठीत धरली. तशीच रडले, मोठ्यानं, शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल असं, आमच्या घरात कोणी कधी रडलं नाही तसं. तोही रडत असावा, पाठ हलत होती. “कधी?” मी विचारलं. “आज,” तो म्हणाला, आणि मग, “मला कोणी विचारेल असं वाटलं नव्हतं.” मी म्हटलं, “मी विचारतेय. उद्याही विचारेन. परवाही. आज तू माझ्याकडे येतोस, उद्या सकाळी आपण डॉक्टरकडे जातोय, आणि माझ्या नवऱ्याशी भांडण झालं तर होऊ दे.” तो नाही म्हणाला नाही. नाक पुसलं आणि म्हणाला, “चहा ठेवू का?”

“ठेव,” मी म्हटलं. तो उठून स्वयंपाकघराकडे निघाला. मी शर्ट सोडला नाही. त्यानं वळून बघितलं. मी तरी सोडला नाही. मग तो तसाच चालत गॅसपाशी गेला, आणि मी त्याच्या मागून गेले.